डागवाल्या बाईंची कॉफी

आमच्या थोरल्या जाऊबाईंना कॉफी आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर कुणी म्हणायचं, उतारवयात बाईंना कॅफेची चटक लागली. गल्लीत तसं बोलणारे होतेच. त्यांना तोंडावर काय सांगायचं ते मी सांगितलं आहे, ते इथे लिहिण्यासारखं नाही. जाऊबाई जन्मभर चहा पीत आल्या, तोही बिनसाखरेचा आणि कडक. कॉफीला त्या ‘भाजलेलं पाणी’ म्हणतात. तरीही जवळजवळ सबंध वर्ष, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, त्या मला घेऊन चौकातल्या काचेच्या कॅफेत जात राहिल्या. तिथली फेसाची, नावं घेताना जीभ अडखळेल अशी पेयं त्या तळापर्यंत पीत राहिल्या. का, ते सांगते.

जाऊबाई ड्रायक्लीनिंगच्या दुकानात डाग काढतात. लग्न होऊन या घरात आल्या त्याच्याही आधीपासून. दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीखाली, त्यांचं टेबल आहे. वरून पत्रा, एक टोक निमुळतं, बाजूला वाफेची नळी, पायाशी ती वाफ सोडायचं पेडल आणि भिंतीवरच्या फळीवर बाटल्या नि ब्रश. लोक पुढे काउंटरवर कपडा देतात आणि म्हणतात, ‘काहीतरी सांडलं.’ काय सांडलं ते बहुतेकांना आठवत नसतं, आणि ज्यांना आठवतं ते खरं सांगतीलच असं नाही. दारू सांडलेला माणूस हटकून ‘सरबत’ म्हणतो. मग तो कपडा मागे येतो आणि जाऊबाई तो नाकाशी धरतात. अंड्याला वेगळी बाटली, चहाला वेगळी, तेलाला, शाईला, रक्ताला वेगळी. चुकीची पडली तर डाग कायमचा बसतो. म्हणून आधी वास आणि मग बाटली, असा त्यांचा नेम. गिऱ्हाइकं त्यांना नावानं ओळखत नाहीत. ‘डागवाल्या बाई आहेत का?’ असंच विचारतात.

घरात तर त्या नाकाची दहशतच होती. भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान आणि माझे थोरले दीर, निवृत्त होण्याआधी बस चालवायचे. डेपोत एखादी सिगरेट ओढून, वर पेपरमिंट चघळून, मुद्दाम लांबच्या रस्त्यानं घरी आले तरी दारातच प्रश्न यायचा, ‘आज कुणी दिली?’ मी नवी नवरी असताना एकदा माझ्याकडून भात खाली लागला. मी वरचा भात दुसऱ्या भांड्यात काढला, पातेलं घासून लख्ख केलं आणि खिडक्या उघडून ठेवल्या. जाऊबाई कामावरून आल्या, स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या आणि म्हणाल्या, ‘खालचा टाकलास ते बरं केलंस. वरचा चांगला लागेल.’ एवढंच बोलल्या. त्यांच्याशी खोटं बोलायचं नाही, असा मी त्या दिवशी कानाला खडा लावला.

मग तो ताप आला. घरात सगळ्यांना आला, सगळ्यांचा गेला. जाऊबाईंचा जाताना त्यांचं नाक घेऊन गेला. त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. कामावर गेल्या, कपडे नाकाशी धरत राहिल्या आणि डोळ्यांनी, बोटांनी अंदाज बांधत राहिल्या. मला कळलं ते दुधामुळे. बाजारातून आले तर खालच्या जिन्यापर्यंत करपल्याचा वास. वर येऊन बघते तर जाऊबाई गॅससमोर खुर्ची टाकून शांतपणे पेपर वाचत बसलेल्या आणि पातेलं कोळशासारखं काळं झालेलं. मी धावत जाऊन गॅस बंद केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं आणि पेपरची घडी घालत म्हणाल्या, ‘दुकानात बोललीस तर बघ.’

मी बोलले नाही. पण असली गोष्ट किती दिवस झाकून राहणार?

एका बाईंचा फिकट बदामी रंगाचा कोट दुकानात आला. त्यावर डाग नव्हता, नुसता ड्रायक्लीन करून इस्त्री करायचा होता. असे स्वच्छ दिसणारे कपडेसुद्धा जाऊबाई प्रेसखाली जायच्या आधी छातीपाशी हुंगून बघायच्या. गोड पेय सांडून वाळलं की डोळ्यांना दिसत नाही, आणि ड्रायक्लीनच्या औषधात साखर विरघळत नाही. कपडा कोरा दिसतो. त्यावर तापलेली प्रेस बसली की ती साखर जळते आणि तांबूस डाग उठतो, तो मग कुणाच्या बापाला निघत नाही. जाऊबाईंनी तो कोट हुंगला. त्यांना काही आलं नाही, कारण काहीच येत नव्हतं. कोट प्रेसखाली गेला आणि बाहेर आला तो छातीवर भलामोठा नकाशा घेऊन.

कोटवाल्या बाई दुकानात उभ्या राहून पुष्कळ बोलल्या. शेवटी आठवून आठवून म्हणाल्या, ‘हां, कॅफेतलं ते व्हॅनिलाचं थंड पेय थोडं सांडलं होतं. पण मी लगेच पुसलं की.’

दुकानाचे आताचे मालक हे थोरल्या मालकांचे चिरंजीव. जाऊबाईंनी त्यांना शाळेच्या गणवेशात पाहिलंय. माणूस वाईट नाही, पण चारचौघांत शब्द ऐकावे लागले की घाबरतो. कोटवाल्या बाई गेल्यावर त्यांनी जाऊबाईंना समोर बसवून सरळ विचारलं आणि जाऊबाईंनी सरळ सांगितलं. तापापासून वास येत नाही.

‘मग बाई, तुम्ही आता पुढे काउंटरवर बसा,’ मालक म्हणाले. ‘गिऱ्हाइकांशी बोला, पावत्या द्या. चांगली खुर्ची देतो, वर पंखा आहे. आयुष्यभर उभ्या राहिलात.’

‘खुर्ची मला घरी आहे.’

‘डागांचे कपडे आपण शहराबाहेरच्या मोठ्या कारखान्यात पाठवू. आजकाल सगळे तसंच करतात. आणि त्या टेबलाला मी गिऱ्हाईक बघतो. उगाच जागा अडते.’

जाऊबाई घरी आल्या, हातपाय धुतले आणि ओट्याशी उभ्या राहिल्या. सांगताना आवाज अगदी साधा होता. मीच त्यांना म्हणाले, ‘ताई, आता सोडा. इतकी वर्षं वाफ खाल्लीत. बसा की पंख्याखाली.’ मला खरंच तसं वाटत होतं. माझ्या मते माणसानं हातपाय चालताहेत तोवर हसत बाजूला व्हावं.

‘मला ज्यानं टेबलावरून उठवलं, त्याला एकदा बघून तरी घेते,’ त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मालकांशी भांडायला निघाल्या. पण त्यांना ते व्हॅनिला बघायचं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की नाक परत येईल किंवा येणारही नाही. नाकाला काम देत राहा, रोज उग्र वास घ्या, एकेक, लक्ष देऊन. घरातली लवंग झाली, साबण झाला, भाऊजींचं सांधेदुखीचं मलम झालं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून सुट्टीच्या दिवशी जाऊबाईंनी ठेवणीतली चप्पल काढली आणि मला म्हणाल्या, ‘चल.’

असल्या कॅफेची एक शाखा पाहिली की सगळ्या पाहिल्या. तीच काच, तोच गारठा, त्याच पाय लोंबकळत ठेवायच्या उंच खुर्च्या आणि भिंतीवर न संपणारी नावं. काउंटरमागे मात्र पन्नाशी उलटलेले, टक्कल पडलेले एक गृहस्थ एप्रन बांधून उभे होते. आधी ते छापखान्यात होते. तो बंद पडल्यावर इथे लागले, हे पुढे कळलं.

‘काय देऊ?’

‘व्हॅनिला,’ जाऊबाई म्हणाल्या.

‘व्हॅनिलात कोणतं? गरम, थंड, फेसाचं, बर्फाचं…’

‘जे लोकांच्या अंगावर सांडतं ते.’

गृहस्थांनी जरा विचार केला. ‘मग थंड. त्याचं झाकण सैल बसतं. नाव काय लिहू कपावर?’

‘डागवाली लिहा.’

त्यांनी भुवईसुद्धा न हलवता लिहिलं. थोड्या वेळानं ‘डागवाली’ अशी खणखणीत हाक आली आणि सगळा कॅफे मान वळवून बघायला लागला. मी खुर्चीत अंग चोरून बसले. जाऊबाई मात्र शाळेत बक्षीस घ्यायला जावं तशा ताठ चालत गेल्या.

झाकण काढून त्यांनी कपात नाक घातलं, इतकं की शेंड्याला फेस लागला. डोळे मिटले. मी वाट पाहत होते.

‘काय?’

‘गार लागतं. गोड लागतं. बाकी काही नाही.’

‘मग ठेवा ते. चला घरी.’

‘अर्धं सोडायचं नाही,’ म्हणाल्या आणि औषध घ्यावं तसं सगळं संपवलं. मला त्यांनी चहा मागवला होता. तो इतका पांचट होता की त्याच्याबद्दल न बोललेलंच बरं.

पुढच्या सुट्टीला पुन्हा गेलो, त्याच्या पुढच्याही. भिंतीवरची नावं त्या एकेक करून घेत गेल्या. कॅरमेल, दालचिनी, पुदिना, संत्र्याची साल, भाजलेला नारळ. दर वेळी आधी व्हॅनिलाच्या सिरपचं बूच मागून हुंगायच्या आणि मग त्या दिवसाचा कप. कॉफीवाले न बोलता बूच पुढे करायचे. एकदा शेजारच्या टेबलावरची दोघंजणं त्यांच्याकडे बघून खुसुखुसु हसत होती. जाऊबाई फेस लागलेलं नाक घेऊन तशाच वळल्या आणि म्हणाल्या, ‘हसा. कपडे शेवटी आमच्याच दुकानात येणार आहेत.’ दोघांनीही आधी आपापल्या छातीकडे पाहिलं.

घरी भाऊजींना हे मुळीच पसंत नव्हतं. ‘ह्या वयात काचेत बसून नळीनं कॉफी पितेस,’ ते म्हणायचे. ‘लोक काय म्हणतील?’

‘तुम्ही पेपरमिंट खाऊन यायचात, तेव्हा मी लोकांना विचारायला गेले होते का?’

‘नाकच गेलं तर काय करणार आहेस तू? सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुझा.’

‘पीळ गेल्यावर त्याला सुंभ कशाला म्हणायचं?’

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या बाजूची होते, हे त्यांना माहीत होतं. पण जावेसमोर दिराची बाजू घ्यायला मी काही त्या घरात कालची आलेली नव्हते.

मालकांना मात्र टेबलाला गिऱ्हाईक मिळत नव्हतं. जुन्या पद्धतीचं टेबल, वजनाला जड. त्यावर आता पावत्यांचे गठ्ठे आणि हँगरची खोकी ठेवलेली असायची. जाऊबाई आता पुढे काउंटरवर बसायच्या, पण दुकान उघडताना आणि बंद करताना आत जाऊन ती खोकी उचलून जमिनीवर ठेवायच्या. मालक पुन्हा वर ठेवायचे.

आणि मग हेझलनटचा दिवस आला. मी खिडकीतून बाहेर बघत होते. जाऊबाईंनी झाकण काढलं आणि त्यांची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. बघते तर तोंड वाकडं, डोळे विस्फारलेले, हात नाकावर.

‘गटार,’ त्या म्हणाल्या.

मी कप ओढून वास घेतला. खमंग, गोडसर, छान वास होता. ‘अहो, काहीतरीच काय?’

‘गटार. आणि वर जळकं रबर.’ बोलता बोलता त्या हसायला लागल्या. कॉफीवाले एप्रनला हात पुसत धावत आले.

‘दूध नासलंय का? माफ करा, आत्ता बदलून देतो.’

‘हात लावू नका त्याला.’

‘पण घाण येतोय ना वास?’

‘येतोय. भयंकर घाण येतोय,’ जाऊबाई म्हणाल्या. ‘अहो, मला वास येतोय.’

त्यांनी कप दोन्ही हातांत धरला, पुन्हा नाक आत घातलं, अंग शहारलं तरी काढलं नाही. तो सबंध कप त्या प्यायल्या. प्रत्येक घोटाला चेहरा कडू होत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला रडू आवरेना. इतके दिवस मी त्यांच्याबरोबर येत होते ते मनातून ‘खुळ्या झाल्यात बिचाऱ्या’ असं म्हणत, आणि त्याची मला फार लाज वाटली.

पण पुढचे दिवस वाईट गेले. वास आला तो सगळा वेडावाकडा आला. साबणाला कुजका वास, कांद्याला जळक्या केसांचा, भाऊजींच्या धुतलेल्या शर्टाला ओल्या कुत्र्याचा. जेवायला बसल्या की दोन घास घेऊन उठायच्या. गळ्याची हाडं दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले, कधीकधी नाक असं उलटंसुलटं होऊन परत येतं. पुढे सरळ होईल, नाहीतर असंच राहील. भाऊजी बिचारे स्वतःचं ताट बाजूला सारून म्हणाले, ‘अगं, पुरे कर. मला टेबल नको, काही नको, तू दोन घास खा.’ मीसुद्धा चिडले. ‘स्वतःचे हाल करून कुणावर उपकार करताय?’ असं म्हणाले. जे वाटलं ते बोलले.

जाऊबाईंनी मला ओट्याशी बोलावलं. तिथे कापडाच्या चिंध्या ओळीनं मांडल्या होत्या. एकीवर अंडं फासलं होतं, एकीवर तेल, एकीवर शाई, एकीवर चहा, आणि एकीवर त्यांनी बोटाला सुई टोचून काढलेलं रक्त.

‘हे बघ,’ त्या म्हणाल्या, ‘घाण येतं, पण वेगवेगळं घाण येतं. अंड्याला जळकं रबर. तेलाला मेलेला उंदीर. रक्ताला ओलं पोतं. काल उंदीर होता, तो आजही उंदीरच आहे. बदलत नाही. म्हणजे ओळखता येईल.’

‘जन्मभर उंदीर हुंगत बसणार?’

‘सासरी आल्यावर काय केलं होतं? सगळे चेहरे नवे, त्यातले अर्धे आंबट. शिकलोच ना कोण कोण ते?’

मीही तेच केलं होतं. तेव्हापासून चिंध्या मी तयार करायची आणि त्यांनी डोळे मिटून ओळखायच्या, असं रोज चालू झालं. भाऊजी पेपरच्या आडून ऐकायचे. एकदा त्या चुकल्या तर पेपरमागून ‘चहा आहे, नीट बघ,’ असा आवाज आला. त्या दिवशी मला कळलं की दीरही फुटले.

चुका कमी होत गेल्या. घासही हळूहळू पोटात जाऊ लागले. मेलेला उंदीर असला तरी जेवायचं, एवढं त्यांनी ठरवून टाकलं होतं. फक्त एकच गोष्ट हट्टाला पेटली होती. व्हॅनिला. त्याला चांगला नाही, वाईट नाही, कसलाच वास येत नव्हता. कॉफीवाल्यांनी गरम करून दिलं, घट्ट करून दिलं, बशीत ओतून दिलं. काही नाही.

तरीही त्या मालकांकडे गेल्या. मी डबा द्यायला गेले होते, म्हणून ऐकायला होते. त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. बाकीचे डाग ओळखते, व्हॅनिला कळत नाही.

‘ज्याला वासच येत नाही ते व्हॅनिला, असं समजेन,’ त्या म्हणाल्या.

‘आणि स्वच्छ कापडाला?’ मालकांनी विचारलं. ‘त्यालाही वास येत नाही. मग कोरा कपडा कुठला आणि व्हॅनिला सांडलेला कुठला?’

प्रश्न बरोबर होता. ‘ते नाही कळणार,’ त्या म्हणाल्या. ‘म्हणून प्रत्येक कपड्याची छाती ओल्या बोटानं चाचपून बघेन. साखर असली तर चिकटते.’

‘प्रत्येक कपडा? किती वेळ जाईल त्यात? एवढा वेळ कोण देणार?’

‘मी देणार. माझाच आहे.’

मालक कपाळ चोळत राहिले. मग म्हणाले, ‘बाई, मला पुन्हा तसा कोट झेपणार नाही. टेबलाचं ठरलंय. सुट्टीच्या दिवशी घेऊन जातील, म्हणजे गिऱ्हाइकांची अडचण नको.’

त्या सुट्टीच्या दिवशी सकाळी उठून बघते तर त्या घरात नव्हत्या. भाऊजी म्हणाले, ‘दुकानात गेली. तुला निरोप आहे. तिचं ते व्हॅनिला घेऊन तिकडे ये. आजचा दिवस चुकवायचा नाही म्हणाली.’

मी कॅफेत गेले. कॉफीवाल्यांनी न विचारताच कपावर ‘डागवाली’ लिहिलं आणि विचारलं, ‘त्या कुठे आहेत आज?’ मी म्हणाले, ‘भांडायला गेल्यात.’ त्यांनी सिरप जरा जास्तच घातलं.

दुकानाच्या मागच्या खोलीत मालक उभे होते. टेबल विकत घेणारे, दुसऱ्या लाँड्रीचे मालक, कानाला पेन्सिल अडकवून खोक्यावर बसले होते. दोन हमाल दोर घेऊन दारात टेकले होते. आणि टेबलाशी जाऊबाई. एका कोटाची बाही पत्र्यावर पसरलेली, पाय पेडलवर, वाफ नाकातोंडात.

‘बाई, यांना उशीर होतोय,’ मालक म्हणाले.

‘बाही ओली आहे. आता सोडली तर कड बसेल.’

मालकांचा जन्म या धंद्यात गेलेला. अर्ध्यात सोडलेल्या ओल्या डागाभोवती कड बसते आणि मग सगळा कपडा वाया जातो, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. ते थांबले. बाही होत आली तशी जाऊबाईंनी दुसऱ्या हातानं कारखान्यात जायच्या पिशवीतला पुढचा कपडा ओढला, नाकाशी धरला, तोंड वेंगाडलं, ‘उंदीर’ म्हणाल्या आणि तेलाची बाटली घेतली. पहिला वाळायच्या आत दुसरा भिजला, दुसरा वाळायच्या आत तिसरा.

‘हे कारखान्यात जायचे होते,’ मालक म्हणाले.

‘कारखान्याचं काम हलकं करतेय.’

लाँड्रीवाल्यांनी एक चहा मागवून प्यायला, मग दुसरा. हमाल खाली बसले. मी दारात कप धरून उभी होते आणि मालकांकडे बघत होते. ते एकेक झालेला कपडा उचलून खिडकीकडे धरत होते, उलटा करत होते, हँगरला लावत होते. मग जाऊबाईंचा हात पिशवीत गेला आणि रिकामा बाहेर आला.

टेबलावर शेवटची पँट होती. ती वाळत आली. जाऊबाई उगाचच तिच्यावर ब्रश फिरवत राहिल्या. डाग कधीच गेला होता. त्यांच्या मानेकडे बघवत नव्हतं मला.

‘झालं ना?’ म्हणत लाँड्रीवाले उठले. हमालांनी दोर उलगडला.

माझ्या अंगात माझ्या लेकीनं पाठवलेला दुधी रंगाचा नवा स्वेटर होता. मी कपाचं झाकण काढलं आणि सगळं व्हॅनिला छातीवर ओतून घेतलं. बर्फ पोटापर्यंत गेला.

‘सांडलं,’ मी मालकांना म्हणाले. ‘मला हा दुकानात टाकायचाय. गिऱ्हाईक म्हणून.’

‘अहो वहिनी, आज दुकान बंद आहे.’

‘मग हे सगळे काय करताहेत इथे?’

मी स्वेटर काढून टेबलावर टाकला. जाऊबाईंनी पँट बाजूला केली, स्वेटर सारखा केला आणि सवयीनं त्याच्यावर वाकल्या. बराच वेळ वाकलेल्या राहिल्या. हमालसुद्धा बघत होते. मी मनात म्हणत होते, आता तरी येऊ दे, आज एवढं एकदा येऊ दे.

त्यांनी मान वर केली आणि मालकांच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, ‘काही नाही. एवढासुद्धा आला नाही. आणि मी इथून हलत नाही.’

मग बोट ओलं करून त्यांनी स्वेटरवरून फिरवलं आणि जिथे चिकटलं तिथे पाण्याचा ब्रश टेकवला. बाहेरच्या बाजूनं आत, गोल गोल, कड बसू न देता. ओल पसरत गेली.

मालक बघत राहिले. मग त्यांनी हमालांना हातानंच ‘राहू दे’ म्हटलं.

‘मग उद्या येऊ का?’ लाँड्रीवाल्यांनी विचारलं.

‘विचारून सांगतो.’

‘कुणाला विचारून?’

‘बाईंना,’ मालक म्हणाले आणि पुढच्या खोलीत निघून गेले.

जाऊबाईंनी मान वर केली नाही. वाफ सोडली, ब्रश झटकला आणि मला म्हणाल्या, ‘उद्या येताना जुनं काहीतरी घालून ये.’